धुराचा हंगाम

उत्तर कॅलिफोर्नियात ऑगस्ट ते नोव्हेंबर हा आता धुराचा हंगाम मानला जातो. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. मेपासून डोंगरउतारांवरचे गवत वाळत जाते, झाडाझुडपांतले पाणी कमी होते. शरद ऋतूत आतल्या वाळवंटी पठारांकडून समुद्राच्या दिशेने कोरडे, उष्ण वारे सुटतात. या वाऱ्यांना डायब्लो वारे म्हणतात. तोवर पहिला पाऊस आलेला नसेल, तर कोसळलेली वीजतार, पेटती काडी किंवा आकाशातली वीज यांपैकी एक कारण पुरते. आग लागते डोंगरात. धूर मात्र शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात, बंद खिडक्यांच्या आत पोहोचतो.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी दिवाळीचा पाडवा होता. त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास ब्यूट काउंटीतल्या डोंगरात जुनाट वीजवाहिनीमुळे आग लागली. इतिहासात ती ‘कॅम्प फायर’ या नावाने नोंदली गेली. काही तासांत पॅरडाइज हे गाव बेचिराख झाले. ८५ माणसे दगावली, १८ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजे ही शहरे तिथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून दूर आहेत, तरी त्याच दिवशी धूर तिथे येऊन थडकला आणि जवळजवळ दोन आठवडे हलला नाही. १६ नोव्हेंबरला परिसरातल्या बहुतेक शाळा बंद होत्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रसिद्ध केबल कार थांबवल्या होत्या. २१ तारखेला पाऊस आला तेव्हा हवा निवळली.

दोन वर्षांनी याहून मोठे संकट आले. १६ आणि १७ ऑगस्ट २०२० रोजी पावसाविना हजारो विजा पडल्या आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या ‘बे एरिया’च्या तीन बाजूंनी डोंगर पेटले. १८ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर असे सलग ३० दिवस तिथल्या हवा नियंत्रण मंडळाने प्रदूषणाचा इशारा कायम ठेवला. याच काळात, २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी आली आणि १ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. फ्रीमाँट, सनीव्हेल, सॅन होजे या पट्ट्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कोविडमुळे उत्सव तसाही घरातच होता. त्यात एक विचित्र पेच उभा राहिला. साथीसाठी सल्ला होता की खिडक्या उघड्या ठेवा, धुरासाठी सल्ला होता की त्या घट्ट बंद करा. तिथल्या अनेक घरांत एसीही नाही, कारण एरवी समुद्राच्या वाऱ्यामुळे तो लागत नाही. त्यामुळे उकाडा, विषाणू आणि धूर यांत कमी घातक काय, हे घरोघरी रोज ठरवावे लागले.

धुरात काय असते

जळत्या लाकडाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिन असे वायू असतात. आगीच्या जवळ त्यांचा धोका मोठा असतो. दूर जाताना ते बरेचसे विरळ होतात किंवा त्यांचे रासायनिक रूपांतर होते. लांबचा प्रवास टिकून करतात ते सूक्ष्म कण. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाच्या कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो. धुरातले बहुसंख्य कण तर एक मायक्रोमीटरहूनही बारीक असतात. इतके हलके कण खाली बसत नाहीत. पाऊस त्यांना धुऊन काढतो किंवा वारा दूर नेतो, तोवर ते हवेतच राहतात.

दरीत किंवा डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात धुराची अडचण वाढते. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर भांड्यावरच्या झाकणासारखा बसतो. धूर वर जाऊ शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या मध्यवर्ती खोऱ्यात असा धूर दिवसेंदिवस साचून राहतो.

जंगलाबरोबर वस्ती जळते तेव्हा धुराचा स्वभावच बदलतो. घर जळते म्हणजे रंग, प्लास्टिक, तारा, गाद्या, बॅटऱ्या, मोटारी जळतात. कॅम्प फायरच्या धुराची राज्याच्या हवा संसाधन मंडळाने नंतर तपासणी केली, तेव्हा त्यात शिसे आणि जस्त यांसारख्या धातूंचे प्रमाण चढलेले आढळले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आणि ईटन या आगींत १६ हजारांहून अधिक बांधकामे जळाली. आग विझल्यावरही राखेतल्या विषारी द्रव्यांची काळजी संपली नव्हती. ज्यांची घरे वाचली, त्यांनाही परत राहायला जाण्याआधी खिडक्यांच्या फटी, गालिचे आणि एसीच्या नळ्या साफ कराव्या लागल्या. हवेचा रोजचा निर्देशांक अशा विषांची मोजदाद करत नाही. तो हिरवा झाला तरी राख निरुपद्रवी ठरत नाही.

शरीरावर होणारा परिणाम

नाक आणि घसा मोठी धूळ अडवतात. पीएम २.५ त्यांना चुकवून फुप्फुसाच्या शेवटच्या टोकाला, वायुकोशांपर्यंत जातात. तिथे दाह सुरू होतो. अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात. डोळे चुरचुरणे, खोकला, डोकेदुखी ही वरवरची लक्षणे. खरा धोका दमेकरी, हृदयविकाराचे रुग्ण, गर्भवती, म्हातारी माणसे आणि लहान मुले यांना असतो. मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसे अजून वाढत असतात.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. पीएम २.५ मध्ये दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमची वाढ वणव्याच्या धुराने झाली, तर श्वसनविकारांसाठी दाखल होणारे रुग्ण १० टक्क्यांपर्यंत वाढतात. तेवढीच वाढ अन्य स्रोतांमुळे झाली, तर ही वाढ सुमारे १.३ टक्क्यांच्या आत राहते, असे त्यात दिसले.

दीर्घकालीन परिणामांचा एक दुर्मीळ पुरावा कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या माकड संशोधन केंद्रातून आला. २००८च्या वसंतात जन्मलेली ऱ्हीसस माकडांची पिल्ले उघड्या कुंपणात वाढत होती. त्याच जून-जुलैत उत्तर कॅलिफोर्नियातल्या वणव्यांचा धूर त्यांच्यावर पसरला. ही पिल्ले तीन वर्षांची झाल्यावर, म्हणजे त्यांच्या पौगंडावस्थेत, त्यांची तुलना पुढच्या वर्षी स्वच्छ हवेत जन्मलेल्या पिल्लांशी केली गेली. धुरात वाढलेल्यांची फुप्फुसे लहान होती आणि प्रतिकारशक्तीचा प्रतिसादही मंद होता. धूर गेला तरी त्याचा परिणाम शरीरात राहू शकतो, हे यातून पुढे आले.

आकडा कसा वाचावा

अमेरिकेचा हवा गुणवत्ता निर्देशांक ० ते ५०० असा असतो. ५०पर्यंत हिरवा, १००पर्यंत पिवळा, १५०पर्यंत नारिंगी, २००पर्यंत लाल, ३००पर्यंत जांभळा आणि त्यापुढे गडद तांबडा-तपकिरी. नारिंगी रंग म्हणजे नाजूक प्रकृतीच्या माणसांनी जपायचे. लाल म्हणजे सर्वांनीच.

भारताचाही निर्देशांक ५००पर्यंतच जातो, पण त्याच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. पुण्याचे आईवडील आणि सॅन होजेचा मुलगा फोनवर एकमेकांना आकडे सांगतात, तेव्हा हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. हवेत पीएम २.५ चे प्रमाण दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम असेल, तर अमेरिकेत निर्देशांक १३७च्या आसपास येतो आणि नारिंगी इशारा लागतो. भारतात तीच हवा ८३च्या आसपास, म्हणजे ‘समाधानकारक’ ठरते. प्रमाण १०० मायक्रोग्रॅम झाले, की क्रम उलटतो. अमेरिकेचा आकडा १८०च्या थोडा वर राहतो, भारताचा २३०च्या आसपास जातो. म्हणून दोन देशांतल्या हवेची तुलना करायची तर निर्देशांक बाजूला ठेवून थेट मायक्रोग्रॅम पाहावेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मार्गदर्शक मर्यादा २४ तासांसाठी १५ मायक्रोग्रॅम आहे. अमेरिकेचे प्रमाण ३५, भारताचे ६०. फुप्फुस कोणत्याही देशाचे असो, धुराचा त्यावरचा परिणाम बदलत नाही.

डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे, हे ९ सप्टेंबर २०२० ने दाखवले. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत सकाळ झालीच नाही. आकाश गडद नारिंगी होते, दुपारी रस्त्यांवरचे दिवे लागलेले होते. उंचावरच्या धुराने सूर्यप्रकाशातला निळा भाग अडवला होता. पण खाली समुद्रावरून आलेल्या थंड, दमट हवेचा थर होता आणि त्याने धूर वरच अडवून धरला. जमिनीलगतची हवा त्या दिवशी तितकी वाईट नव्हती. पुढच्या दोन दिवसांत धूर खाली उतरला. आकाश फिकट, राखाडी दिसू लागले, लोकांना जरा बरे वाटले, आणि श्वासातली हवा नेमकी तेव्हा सर्वांत घातक झाली.

सरकारी मोजणी केंद्रे अचूक असतात, पण मोजकी. ही उणीव लोकांनी घराबाहेर लावलेल्या छोट्या संवेदकांनी भरून काढली. ‘पर्पलएअर’ हे त्यातले सर्वांत माहितीतले नाव. तळहातावर मावेल अशा डबीत एक बारीक पंखा हवा ओढतो, लेझरचा किरण तिच्यातून जातो आणि कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून प्रमाण काढले जाते. लाकडाच्या धुरात हे यंत्र वास्तवापेक्षा जास्त आकडा दाखवते, म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने दुरुस्तीचे सूत्र बसवले आणि २०२० पासून हे आकडे सरकारी धूर-नकाशावर दिसू लागले. आता आपल्या गल्लीतली हवा पाहून मुलांना मैदानावर सोडायचे की नाही, हे पालक ठरवू शकतात.

घरातली हवा

‘घरात राहा’ हा सल्ला अर्धाच आहे. दारे-खिडक्यांच्या फटींतून धूर आत येतोच. कॅलिफोर्नियातल्या १४०० इमारतींच्या संवेदकांवरून बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की वणव्याच्या दिवसांत घरातल्या सूक्ष्म कणांचे सरासरी प्रमाण जवळजवळ तिप्पट होते. म्हणून आत आलेली हवा गाळावी लागते.

सगळे घर स्वच्छ ठेवणे जमले नाही, तरी एक खोली जमते. शक्यतो झोपायची खोली निवडावी, कारण दिवसातले सर्वाधिक सलग तास तिथे जातात. फटी बुजवाव्यात, दार बंद ठेवावे आणि हवाशुद्धीकरण यंत्र सतत चालू ठेवावे. ‘हेपा’ गाळणी ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण अडवते. यंत्र खोलीच्या आकाराला पुरेसे आहे का, हे पाहून घ्यावे. ओझोन सोडणारी यंत्रे टाळावीत, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसाला इजा करतो.

महागडे यंत्र परवडत नाही त्यांच्यासाठी २०२०च्या ऑगस्टमध्ये एक उपाय पुढे आला. पर्यावरण अभियंता रिचर्ड कॉर्सी यांनी कल्पना मांडली, टेक्ससमधले गाळणी उत्पादक जिम रोझेन्थाल यांनी ती बनवून पाहिली. वीस इंची चौकोनी पंखा आणि ‘मर्व्ह-१३’ दर्जाच्या तितक्याच मापाच्या चार गाळण्या घ्यायच्या. गाळण्या उभ्या करून त्यांचा चौकोन करायचा. कडेवर छापलेला बाण आतल्या बाजूला आला पाहिजे. तळाला पुठ्ठा, वर पंखा, त्याची हवा छताकडे. सगळ्या सांध्यांवर रुंद चिकटपट्टी लावायची, कारण जिथे फट राहील तिथून हवा न गाळताच आत शिरते. पंख्याचे चारही कोपरे पुठ्ठ्याने झाकून मधे गोल मोकळा ठेवला, की क्षमता आणखी वाढते. अर्ध्या तासात तयार होणारा हा खोका अनेक विकतच्या यंत्रांच्या तोडीस तोड हवा गाळतो. गाळण्या राखाडी झाल्या की बदलाव्या लागतात. त्यांचा बदललेला रंगच सांगतो की एरवी ते सगळे कण कुठे गेले असते.

घरात नवा धूर तयार होऊ न देणेही तितकेच महत्त्वाचे. मराठी घराला हे विशेष लागू आहे. कडकडीत तेलातली फोडणी, तळण, कोरडी मिरची भाजणे यांनी बंद घरातले कण काही मिनिटांत चढतात. स्वयंपाकघराचा पंखा लावावा तर तो घरातली हवा बाहेर टाकतो आणि तितकाच धूर फटींतून आत ओढतो. अशा दिवसांत उकडलेले, वाफवलेले पदार्थ बरे. उदबत्ती, धूप, कापूर हे आरोग्याला पोषक, असा समज आहे; सूक्ष्म कणांच्या बाबतीत तो खरा नाही. धुराच्या दिवसात पूजा फुलांनी करावी आणि उदबत्ती बाजूला ठेवावी. केर काढणेही ओल्या फडक्याने करावे. मोटारीत हवा आतल्या आत फिरवायचे बटण दाबून ठेवावे.

मास्क

कापडी रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क धुरापुढे जवळजवळ निरुपयोगी असतो. ‘एन-९५’ मास्क ०.३ मायक्रोमीटरचे किमान ९५ टक्के कण अडवतो, मात्र तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दोन्ही पट्टे डोक्यामागून घ्यावेत, नाकावरची पट्टी दाबावी, श्वास सोडून कडेने हवा निसटते का ते पाहावे. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. त्याचे कापड विद्युतभारित असते. धुतल्यावर तो भार जातो, म्हणून हा मास्क धुऊन वापरता येत नाही. विषारी वायू तो अडवू शकत नाही.

ज्यांना आत जाता येत नाही

वरचे सगळे उपाय घर, दार आणि थोडे पैसे असणाऱ्यांसाठी आहेत. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षमळ्यांत, भाजीच्या शेतांत काम करणारे मजूर प्रामुख्याने मेक्सिकोतून आलेले आहेत. वणव्याचा हंगाम आणि तोडणीचा हंगाम एकच असतो. २०१९ मध्ये राज्याने नियम केला, की पीएम २.५ चा निर्देशांक १५१ किंवा त्याहून वर गेला तर मालकाने कामगारांना एन-९५ मास्क पुरवले पाहिजेत, आणि ५००च्या पुढे ते घालणे सक्तीचे. पुढच्याच वर्षी कोविडमुळे बाजारातून हे मास्क नाहीसे झाले आणि नियम असूनही अनेकांना धुरातच तोडणी करावी लागली. मास्क लावून उन्हात ओझी उचलणेही सोपे नाही. बेघर लोक, पार्सल पोहोचवणारे, बांधकाम मजूर यांची स्थितीही हीच. धूर सर्वांवर सारखा पसरतो, पण तो सारखा वाटला जात नाही. सार्वजनिक वाचनालये आणि सभागृहे गाळलेल्या हवेची आश्रयस्थाने म्हणून उघडणे, मजुरी न बुडवता काम थांबवणे, हे उपाय म्हणूनच मदतीपेक्षा हक्काच्या जवळचे आहेत.

धुराला सीमा नाही

२०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याइतके होते आणि त्या देशाच्या आधीच्या कोणत्याही वर्षाच्या दुपटीहून अधिक. जूनच्या सुरुवातीला क्वेबेकमधल्या आगींचा धूर दक्षिणेला वळला. ७ जूनला न्यूयॉर्कमध्ये निर्देशांक ४००च्या वर गेला. न्यूजर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीसारख्या, वणव्यांशी फारसा संबंध न आलेल्या शहरांतही, जिथे भारतीय आणि मराठी वस्ती मोठी आहे, लोक धुराचे नकाशे पाहू लागले. दम्याच्या त्रासाने रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्यांची संख्या त्या दिवसांत वाढली.

अमेरिकेने १९७०च्या दशकापासून मोटारी आणि कारखान्यांवर निर्बंध घालून हवा सुधारली होती. ‘नेचर’मधल्या २०२३च्या एका अभ्यासानुसार, २०१६ पासून वणव्यांच्या धुराने या सुधारणेचा सुमारे चौथा हिस्सा पुसून टाकला आहे. तिथल्या कायद्यात वणव्याचे दिवस ‘अपवादात्मक’ म्हणून हिशेबातून वगळता येतात. त्यामुळे कागदावर शहराची हवा स्वच्छ राहू शकते. श्वास मात्र त्या दिवसांतही घ्यावा लागतोच.

आगी का वाढल्या

तापमानवाढीने हवा वनस्पतींतले पाणी अधिक वेगाने शोषते, बर्फ लवकर वितळतो, कोरडा काळ लांबतो. पण दुसरे कारण माणसाच्या धोरणात आहे. युरोपीय वसाहतीपूर्वी कॅलिफोर्नियात दरवर्षी सुमारे ४४ लाख एकर भूमी जळत असावी, असा अंदाज आहे. २०२०च्या विक्रमी वर्षातही जवळजवळ तेवढीच, सुमारे ४३ लाख एकर जळाली. फरक आगीच्या स्वरूपात आहे. पूर्वीच्या आगी बहुतांशी जमिनीलगतच्या, वारंवार येणाऱ्या आणि कमी दाहक होत्या. क्लामथ नदीकाठचे कारुक आणि युरोक हे मूलनिवासी लोक जाणीवपूर्वक जंगल थोडे थोडे जाळत. हेझलची झुडपे जाळली, की पुढच्या वर्षी सरळ, लवचीक कोंब फुटतात. त्यांच्याच टोपल्या विणल्या जातात. ओकच्या झाडांखाली जाळल्याने किडलेली फळे नष्ट होत आणि पुढच्या वर्षीची फळे वेचणे सोपे जाई.

१८५० मध्ये राज्याच्या कायद्याने या जाळणीवर बंदी आली. १९३५ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय वनसेवेने ठरवले, की लागलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आलीच पाहिजे. हे धोरण दशकानुदशके ‘यशस्वी’ झाले. जंगलात पालापाचोळा, वाळकी लाकडे आणि दाट रोपवाढ साचत गेली. आता आग लागते तेव्हा ती शेंड्यापर्यंत चढते.

उपाय म्हणजे नियंत्रित जाळणी. ओलावा, वारा आणि तापमान योग्य असलेल्या दिवशी, हवा मंडळाच्या परवानगीने, आखलेल्या पट्ट्यात आग लावली जाते. तिचाही धूर होतो. परंतु तो कमी, आधी सूचना देऊन आणि वस्तीपासून दूर वाहील अशा वाऱ्यात होतो. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य आणि केंद्रीय वनसेवा यांनी दरवर्षी दहा लाख एकरांवर विरळणी आणि जाळणी करण्याचे उद्दिष्ट मान्य केले. कारुक आणि युरोक लोकांची पारंपरिक जाळणीही पुन्हा सुरू होत आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यातली जंगले वेगळी आहेत. इथले वणवे फेब्रुवारी ते जून या काळात, बहुतेक माणसाच्या हातून लागतात आणि मुख्यतः जमिनीवरचा पाचोळा जाळतात: मोहफुले वेचायला झाडाखाली लावलेली आग, कोकणात राब भाजताना उडालेली ठिणगी. वनखाते त्यासाठी उन्हाळ्याआधी जाळरेषा काढते. तरी मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्यासह अनेक ठिकाणी जंगल पेटले आणि नौदल, हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकायला बोलवावी लागली. आगींचे प्रमाण वेगळे असले, तरी सूक्ष्म कण, निर्देशांकाचे वाचन, गाळलेल्या हवेची एक खोली आणि घट्ट बसणारा मास्क यांचे नियम मुंबई-पुण्याच्या हिवाळ्यातल्या धुरकट हवेलाही तसेच लागू होतात.

तापत्या जगात धूर पूर्ण टाळणे आता कोणाच्याही हातात नाही. तो मोठ्या आगीतून अचानक यावा की छोट्या आगींतून ठरवून, त्याची मोजदाद व्हावी की तो अपवाद म्हणून खोडला जावा, आणि शेतमजुरालाही गाळलेल्या हवेचा निवारा मिळावा की नाही, हे मात्र समाजाला ठरवता येते. वनखाते, हवा मंडळ, शाळा, मालक आणि घर यांच्यापैकी प्रत्येकाकडे या निर्णयाचा एक भाग आहे, आणि तो हंगाम सुरू होण्याआधी घ्यावा लागतो.